पावसाळ्यातलं भाडं

कुडाळच्या आमच्या बँकेत कर्जाची पाहणी करणारे एक साहेब आहेत. टेबलाशी शुद्ध मराठी बोलतात, बाहेर पडले की मालवणी. भाड्याच्या खोल्यांसाठी कुणी कर्ज मागितलं, की ते पाहायला मुद्दाम पावसात येतात. मे महिन्यात सगळ्याच खोल्या भरलेल्या असतात, असं त्यांचं म्हणणं.

पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी मालवणात समुद्राजवळच्या दोन खोल्या मला विकत घ्यायच्या होत्या. साहेब आषाढात आले. चपला दारात काढून त्यांनी भिंतीला तळहात लावला, ओल पाहिली.

"पावसात हंय कोण ऱ्हवता?"

"कोण नाय. तेव्हा हप्तो मी पगारातून भरीन."

"पगार तुमच्या घराक व्हयो. खोल्यांनी आपलो हप्तो आपण भरूक व्हयो."

कर्ज अडलं. राग आला, पण हिशेब मांडल्यावर त्यांचंच बरोबर निघालं. मी हटलो नाही. खोल्यांच्या मालकाला राजी करून एक खोली सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना बारमाही दिली, निम्म्या भाड्यात.

"मे म्हयन्यातला भाडा सोडतास?" बायकोने विचारलं.

"सोडतंय."

दुसरी खोली पर्यटकांसाठीच राहिली. दोन्ही मिळून वर्षाचा हप्ता सुटत होता.

श्रावणात साहेब परत आले. भाडेकरार हातात घेण्याआधी ते व्हरांड्यातल्या दोरीवरचे नर्सबाईंचे ओले कपडे बघत उभे राहिले.

"ह्ये सुकाक आठवडो जातलो," ते म्हणाले. "पण कर्ज होतला."