धरणकाठचं धुकं आणि माझा हट्ट

आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला चौथीच्या भूगोलापासून माहीत आहे. तरी दोन वर्षं मी कोकणकिनाऱ्यावर धुक्याचे फोटो काढायला जायचं ठरवत होते. वही केली, भरती-ओहोटीच्या वेळा उतरवल्या, आणि दर वेळी बँकेतली रजा नामंजूर. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी वही आपटली. गेलं खड्ड्यात कोकण! यंदा तेरणेचं धरण काठोकाठ भरलंय. पाणी आहे, काठ आहे, थंडी आहे, मग धुक्याला समुद्रच कशाला पायजे? चौथ्या शनिवारची सुट्टी धरून शुक्रवारी संध्याकाळी मी एकटीच गाडी काढली.

जायचा विचार असेल त्यांना कामाचं आधी सांगते. आदल्या दिवशी लख्ख ऊन, रात्री मोकळं आभाळ आणि वारा अजिबात नाही, असं जुळलं तर पहाटे पाण्यावर धुकं धरतं. साडेआठनंतर ते राहत नाही, म्हणून सहाला काठावर असा. लेन्सवर सारखं दव बसतं, चार सुती फडकी जवळ ठेवा. रस्ता बरा आहे, पण हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या मागचा दिवा न लावता चाललेल्या असतात, त्यामुळं धाराशिवहून धरणाजवळच्या लोहाऱ्यापर्यंत पावणेदोन तास धरूनच चाला. लोहाऱ्यात मी मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीवर राहिले. स्टँडजवळ भाकरी, पिठलं आणि शेंगाची चटणी शंभराच्या नोटेत पोटभर मिळते. पिठलं तिखटजाळ होतं, मी दोनदा घेतलं.

शनिवारी पहाटे धरणावर पोचले तर वारा सुटलेला. धुक्याचा पत्ता नाही, पाणी नुसतं हिंदकळतंय. चिडून परत फिरणार होते, तेवढ्यात काठावर मासे निवडत बसलेलं एक जोडपं दिसलं. लिंबराज आणि सुरेखा, दोघं चाळिशीची. थर्माकोलच्या जाड तुकड्यांना पोती बांधून केलेला त्यांचा तराफा बाजूला पडला होता. त्यावर बसून लिंबराज संध्याकाळी जाळं टाकायचा आणि सकाळी काढायचा.

"उद्या वारं पडतंय बघा," लिंबराज म्हणाला. "धुकं येतंय. पन धुक्यात आमी पान्यात जात न्हाय, उन्हं वर आल्याबिगर."

"आणि जावंच लागलं तर?"

सुरेखानं शेजारचं पितळी ताट उचलून दाखवलं. "मग म्या हितं बसते. तीन टोलं द्याचं आन् थांबायचं. ह्यांच्याजवळ पत्र्याचा डबा आसतो. ह्यांनी वाजीवला की कळतं कुठं हायती. हाका मारायच्या न्हाईत. धुक्यात हाक चारी बाजूनं येती."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. वाचकांना आवडेल म्हणून लिहून घेतलं, हे महत्त्वाचं. त्यातलं डोक्यात काही शिरलं नव्हतं.

रविवारी पहाटे गाडीचं दार उघडलं आणि मी "आई गं!" म्हणून ओरडलेच. समोर काहीच नव्हतं. पाणी नाही, पलीकडचा काठ नाही, पाण्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे तेवढे खालच्या अंगाला काळपट दिसत होते. मी धडाधड फोटो काढले आणि स्क्रीनवर पाहिले तर सगळे कोऱ्या कागदासारखे. फोटोत एक माणूस हवा होता, अगदी लहानसा, पांढऱ्यात एकटा.

लिंबराज शेकत बसला होता. मी म्हटलं, "भाऊ, पन्नास हात आत जाऊन येता का? दोन मिनिटं फक्त."

तो बायकोकडं बघून हसला. "उन्हं येऊ द्या की."

"उन्हं आली की धुकं जातं हो! मी इतक्या लांबून आलेय."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं, खोटं कशाला बोलू. तो उठला. अंगात भडक लाल जाकीट होतं, ते मी काढायला लावलं. तराफ्यावरचा पत्र्याचा डबा चकाकत होता, तोही खाली ठेवायला सांगितला.

"डबा ऱ्हाऊ द्या वो," सुरेखा म्हणाली.

"दोनच मिनिटं," मी म्हटलं.

तो गेला. काय सांगू, आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो मला तेव्हा मिळाला. वाकलेली पाठ, एक वल्हं, बाकी सगळं पांढरं. मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. "अजून थोडं पुढं!" मी ओरडले. तो पुढं गेला, धुक्याचा एक जाड लोट आला आणि तो दिसेनासा झाला.

"या आता माघारी!"

"आलो!" आवाज उजवीकडून आला. मग पुन्हा "कुठं हाय तुमी?", तो डावीकडून. सुरेखाकडून नंबर घेऊन मी त्याला फोन लावला. फोन काठावर, लाल जाकिटाच्या खिशात वाजला.

सुरेखा ताट घेऊन पाण्याच्या कडेला बसली होती. तीन टोले, थांबणं, तीन टोले. उत्तराला डबा वाजायला हवा होता, तो माझ्या पायाशी पडलेला. मला नुसतं उभं राहवेना. मी डावीकडं चढावर लावलेल्या गाडीकडं धावले आणि हॉर्नवर हात दाबून धरला. तेवढंच सुचलं. मोठा आवाज, लांब जाईल, असं वाटलं.

सुरेखा अनवाणी पळत आली आणि तिनं काचेवर थाप मारली. "बंद करा ते! बाभळीकडं वडताय त्यांला तुमी! एकच आवाज पायजे, एकच!"

खरंच होतं. माझ्या गाडीच्या खालीच त्या बुडालेल्या बाभळी होत्या. एक काटेरी फांदी पुरे, थर्माकोल फाटायला. आणि पाणी इतकं गार की हात घातला तर बोटं आखडत होती. ती धावत परत जागेवर जाऊन बसली. मी तिच्यामागं जाऊन उभी राहिले. धुक्यातून एकदा काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला. तिचा हात थांबला नाही, पण ओठ हलत होते. मी या माणसाला मारलं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. वीस मिनिटं गेली असतील.

मग पाण्यावर वल्ह्याचे सपासप फटके ऐकू आले, तीन. थांबून पुन्हा तीन. आणि टोल्यांच्या रेषेत सरळ लिंबराज बाहेर आला. तराफ्याचा एक कोपरा गेला होता, पोटरीवर काट्यांनी रक्त काढलं होतं, दात वाजत होते. मी धावत जाऊन तराफा काठाला ओढला.

सुरेखानं आधी नवऱ्यालाच झापलं, "डबा ठिवून जायचं व्हय?" मग जाकीट त्याच्या अंगावर टाकलं. मी माफी मागितली, दोन-तीनदा. चहाचा कप माझ्या हातात देत ती म्हणाली, "पाव्हण्याला न्हाय म्हनता येत न्हाय त्यांला. तवा तुमीच मागू नका."

तराफ्याची भरपाई दिली. लिंबराज नको नको म्हणत होता, तिनं घेतली. बरं वाटलं.

तर मंडळी, धरणाला जरूर जा, जानेवारी अखेरपर्यंत धुकं मिळतं. फोटोत माणूस हवा असेल तर स्वतः जाऊन काठावर उभं राहा.

घरी आल्यावर तो फोटो मोठा छापून घेतला. कुणीही दिलखुलास लाईक करावा असा आलाय, ऑफिसातही वाहवा झाली. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"ह्यो मानूस माघारी आला का गं?"

"आला, आई."

"कसा आला? काय दिसतच न्हाय की."

मी त्यांना ताटाचं सांगितलं. तीन टोले, थांबणं, सगळं. त्या ऐकत होत्या आणि फोटोच्या कडेकडेनं बोट फिरवत होत्या.

"मग ती कुठंय?"

त्या सकाळी मी दोनशे अकरा फोटो काढले होते. तिचा एकही नव्हता.