नाना बसले की गाडी रुसते

“ताई, चौथ्यांदा झालं. आता चावी मी नानांना देणार नाही.”

संदीपचा हा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत, इंजिनं तपासायच्या टेस्ट बेडवर होते. काचेपलीकडे इंजिन पूर्ण रेसवर ओरडत होतं. दुसऱ्या कानात बोट घालून मी विचारलं, “आता कुठे बंद पडली?”

“मोशीच्या सिग्नलला. परत तेच. हिंजवडीहून मीटिंग सोडून आलो, दीड तास लागला. मी बसलो, चावी फिरवली, एका सेल्फमध्ये सुरू! नाना बाजूला घामाघूम उभे. ट्रॅफिकवाला म्हणाला, आजोबा, आता घरी बसा. मलाही तेच वाटतंय. गुरुवारी चिंचवडच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. हल्ली विसरतात बहुतेक. काय दाबायचं, काय फिरवायचं, कळत नसेल.”

 खरं तर नानांची बाजू मी तेव्हाच घ्यायला हवी होती.

संदीप आमच्या पिंपळे सौदागरचाच. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन कधीकाळी त्यांच्याच घरची. आता त्यांचा बंगला आमच्या गेटासमोर आहे आणि संदीप आयटीत आहे. नाना त्याचे वडील, वय शहात्तर. त्यांच्याकडे पन्नासेक वर्षांची जुनी गाडी आहे, पूर्वी टॅक्सीला असायची त्या जातीची. गेली चाळीस वर्षं ती एकटे नानाच चालवतात. दर सोमवारी तीच गाडी घेऊन चाकणच्या पुढे आक्कांकडे जातात. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, नानांना आक्कांनीच वाढवलं. आता त्या अंथरुणाला खिळल्यात आणि सोमवारी दाराकडे डोळे लावून बसतात. संदीपनं एकदा कॅबचं सुचवलं होतं. नाना म्हणाले, “भाड्याच्या गाडीनं बहिणीकडं जायला मी काय पावना हाय का?”

म्हणजे चावी गेली की सोमवार गेला. एवढा साधा हिशोब होता.

आणि या भानगडीत माझा हात होता, म्हणून मला झोंबत होतं.

मी कॅलिब्रेशन करते. इंजिनाला कधी आणि किती पेट्रोल द्यायचं, हे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरला शिकवायचं काम. त्या कॉम्प्युटरला आम्ही ईसीयू म्हणतो. पंचवीस वर्षं थेंबाथेंबाचा हिशोब करतेय. भाजीत मीठ मात्र अजून अंदाजानंच पडतं, असं नवरा म्हणतो.

नानांच्या गाडीत पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर होता. तो म्हातारा झाला होता. त्यातून पेट्रोल गळायचं, गाडी सारखी ओव्हर व्हायची, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल जाऊन प्लग ओले व्हायचे. संदीपला हौस. त्यानं किट मागवलं आणि सुट्टीत घरच्या पोर्चमध्येच कार्बोरेटर उतरवून पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन बसवलं. नवा पंप, नवे सेन्सर, डॅशबोर्डाखाली ईसीयू. पोरानं काम नीट केलं होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. ईसीयूत आकडे भरायचं काम माझं. दोन रविवार लॅपटॉप मांडीवर घेऊन मी ते केलं.

नाना खुर्ची टाकून बघत होते. “चालती गाडी कशाला उकलायची म्हंतो मी.”

“नाना, आता चोक ओढायला नको, काही नको. फक्त चावी फिरवायची,” मी मोठ्या ऐटीत सांगितलं. नानांनी मान डोलावली. हे वाक्य लक्षात ठेवा. ते माझ्याच अंगावर येणार आहे.

पहिल्या सोमवारी गाडी चाकणच्या चौकात अडकली. घरी कधीच अडत नव्हती. त्यांचं गेट अरुंद आहे, म्हणून दर वेळी गाडी संदीपच बाहेर काढून द्यायचा, मग चालू गाडीत नाना बसायचे. अडायची ती जाताना रस्त्यात, आक्कांकडे पोचायच्या आत, गाडी तापल्यावर. नाना जुन्या शिस्तीचे. मोठा सिग्नल लागला की इंजिन बंद करायचे, तापू नये म्हणून. हिरवा झाला की पुन्हा सेल्फ मारायचे. तिथंच घोडं पेंड खात होतं. सेल्फ नुसता कण्हायचा, इंजिन काही पकडायचं नाही.

तापल्यावर अडते म्हटल्यावर मी उष्णतेच्या मागे लागले. तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो, हा जुना आजार आहे. काळेवाडीचे रफीकभाई तीस वर्षं या गाडीचे मेकॅनिक. त्यांना बोलावलं. त्यांनी पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून लांब घेतली, वर जाड आवरण चढवलं. मग स्वतः भोसरीपर्यंत चक्कर मारून आले. येताना चार ठिकाणी बंद केली, चारही वेळा सुरू झाली.

“मॅडम, गाडी एकदम ओके,” हात पुसत ते म्हणाले. “माझ्या हातात ठीक, संदीपभाऊच्या हातात ठीक. नाना बसले की रुसते.”

मी हसले. रफीकभाईंनी पूर्ण निदान माझ्या हातात ठेवलं होतं आणि मी विनोद समजून हसले. शिकलेल्या माणसाचं असंच असतं.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा तेच. म्हणून तिसऱ्या सोमवारी मी मागच्या सीटवर लॅपटॉप ठेवून दिला, ईसीयूला जोडून. म्हणजे प्रवासभर सगळे आकडे आपोआप नोंदले जातात. याला आम्ही लॉग म्हणतो. गाडी अर्थातच अडली आणि लॉग माझ्याकडे आला.

लॉगमध्ये चोर लगेच सापडला, असं मला वाटलं. सेल्फ मारत असताना थ्रॉटल शंभर टक्के दिसत होता. थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला की ती उघडते. किती उघडली ते एक सेन्सर ईसीयूला कळवतो. आता सेल्फ मारताना झडप सताड उघडी कशी असेल? आमच्या टेस्ट बेडवर पंचवीस वर्षांत मी असं कधी पाहिलं नाही. दिसलंच तर त्याचा एकच अर्थ, सेन्सर खोटं बोलतोय.

खात्रीसाठी जेवणाच्या सुट्टीत आमच्या देसाई सरांना लॉग दाखवला. सरांनी डब्यातून मान वर न काढता बघितलं.

“सेन्सर गेलाय.”

“मलाही तेच वाटतं, सर.”

“मग माझं जेवण का थंड करतेयस?”

सेन्सर बदलला. त्याची वायरसुद्धा नवी टाकली. संदीपला छातीठोकपणे सांगितलं, “आता जाऊ दे नानांना बिनधास्त.” आणि चौथ्या सोमवारी मोशीच्या सिग्नलवरून तो फोन आला.

 गाडीचं राहू द्या. एका शहाण्यासुरत्या माणसाला भर रस्त्यात “घरी बसा” ऐकावं लागलं, आणि पोटचा पोरगा त्याला डॉक्टरकडे न्यायला निघाला, ते माझ्या भरवशामुळे. रात्री मी संदीपला फोन केला.

“डॉक्टरचं एक आठवडा पुढे ढकल. रविवारी मी नानांच्या शेजारी बसते. त्यातही अडली तर चावी तू ठेव, मी मध्ये पडणार नाही.”

“एकच रविवार, ताई. पुढे मात्र मी ऐकणार नाही.”

रविवारी सकाळी संदीपनं फ्रिजवर ठेवलेली चावी काढली, गाडी गेटाबाहेर घेतली आणि मागे जाऊन बसला. मी पुढे, मांडीवर लॅपटॉप. नाना आले. इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “परीक्षा हाय म्हना की.”

“तुमची नाही नाना, गाडीची.”

“गाडीला कोन नापास करतंय, ताई?”

 नाशिक फाटा, भोसरी, गाडी लोण्यासारखी चालली. नानांचा हात गिअरवर असा पडत होता की बघत राहावं. विसरतात म्हणे! मोशीला रविवारचा बाजार, ही भली मोठी रांग. नानांनी शिस्तीत इंजिन बंद केलं.

सिग्नल हिरवा झाला. नानांनी चावी फिरवली. सेल्फ कण्हायला लागला. एकदा. दोनदा. मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न सुरू केला. मग बसवाल्यानं. संदीप मागून बोलला, “बघितलंत ना ताई? नाना, सोडा, मी येतो पुढे.”

लॅपटॉपवर थ्रॉटल शंभर टक्के. नवा सेन्सर, नवी वायर, आकडा तोच. मला राग आला तो त्या सेन्सरचा. वायर नीट बसलीय का बघायला मी डॅशबोर्डाखाली वाकले.

आणि वायर राहिली बाजूला. मला दिसला पांढरा कॅनव्हासचा बूट. अ‍ॅक्सिलरेटर पार जमिनीला टेकवून, नानांनी जीव खाऊन दाबून धरलेला.

सेन्सर खरं बोलत होता. आधीचाही खरंच बोलत होता.

“नाना, पाय काढा.”

“काय?”

“अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि मग सेल्फ मारा.”

“पाय काढल्यावर कशी सुरू व्हईल?”

“काढा तर!”

नानांनी पाय काढला. चावी फिरवली. इंजिनानं एका झटक्यात पकडलं.

गाडी पुढे कडेला घेऊन बंद करायला लावली.  मग मी सांगायला घेतलं, आणि सांगता सांगता माझे मलाच कान पिळावेसे वाटत होते. नानांचा जुना कार्बोरेटर गळका. गाडी ओव्हर झाली की पाय पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे भरपूर हवा जाऊन इंजिन मोकळं होतं. कार्बोरेटरच्या गाडीला हेच बरोबर असतं. नाना चाळीस वर्षं तेच करत आले. ईसीयूतही त्यासाठी सोय असते, फक्त तिचा न्याय वेगळा. सेल्फ मारताना थ्रॉटल पूर्ण उघडा दिसला की ईसीयू समजतो, इंजिन ओव्हर झालंय, ड्रायव्हरला ते मोकळं करायचंय. आणि तो पेट्रोल साफ बंद करतो. संदीपची पिढी सेल्फ मारताना पायच देत नाही, रफीकभाई रोज नव्या गाड्या हाताळतात. म्हणून त्यांच्या हातात गाडी सुरू. आणि टेस्ट बेडवर इंजिन आम्ही बटणानं सुरू करतो. तिथं अ‍ॅक्सिलरेटर दाबायला माणूसच नसतो. पंचवीस वर्षांत इंजिन सुरू करणारा पाय मी पाहिलाच नव्हता.

नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “म्हंजी मी पाय देत व्हतो तवा तुमचं मशीन पेट्रोल बंद करत व्हतं?”

“हो.”

“आन मी म्हनत व्हतो, आजून जोरात दाबावा.” त्यांनी आपल्या बुटाकडे बघितलं. “मंग चूक कुनाची व्हती?”

“माझी. ‘फक्त चावी फिरवायची’ म्हणाले, पायाचं काही विचारलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

“बरं झालं बाई. घरात समदी माझीच म्हनत व्हती. मलाबी तसंच वाटाया लागलं व्हतं.”

संदीप मागे खिडकीबाहेर बघत होता. तसाच म्हणाला, “नाना, चुकलं माझं.” नानांनी आरशात बघून नुसतं “हूं” केलं. मला मेलीला डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी उगाच लॅपटॉपचं झाकण पुसलं.

“आता काय, पाय द्यायचा नाही एवढंच लक्षात ठेवायचं,” संदीप म्हणाला.

नानांनी निघायला चावी फिरवली. बूट आपोआप जमिनीला टेकला. पुन्हा कण्हणं सुरू. नाना स्वतःवरच चिडले. “आरं, ह्यो पाय ऐकत न्हाई!”

“राहू द्या नाना,” मी म्हणाले. “पायाला काही शिकवू नका. ते मी मशीनला शिकवते.”

लॅपटॉप उघडला. पेट्रोल बंद करायची ती सोयच काढून टाकली आणि सुरुवातीला पेट्रोल चिमूटभर वाढवलं. दोन मिनिटांचं काम. संदीपला शंका आली, “पण ताई, उद्या खरंच ओव्हर झाली तर?”

“तर मला फोन कर. इंजेक्शनची गाडी अशी सहसा ओव्हर होत नाही. आणि मोशीला मी पोचेन, मीटिंग सोडून.”

मग मी नानांकडे वळले. “नाना, मारा सेल्फ. हवा तेवढा पाय द्या.”

नानांनी जीव खाऊन पाय दाबला. इंजिन डरकाळी फोडून सुरू झालं, नानांनी सवयीनं पाय उचलला, आवाज खाली बसला. मग संदीपकडे वळून त्यांनी फक्त हात पुढे केला. गाडी चालूच होती, चावी तर गाडीलाच होती. संदीपला आधी कळेना. मग त्यानं खिशातून दुसरी चावी काढली, ती त्यानं काढून घेतल्याचं मलाही माहीत नव्हतं, आणि नानांच्या हातावर ठेवली.

डॉक्टरची वेळ त्यानं तिथूनच रद्द केली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा मेसेज आला. ‘नाना आक्कांकडे पोचले. मोशीला दोनदा बंद करून दोनदा सुरू केली म्हणे. सिग्नल तर हिरवाच होता, मुद्दाम केलं!’

देसाई सरांना सगळं सांगितलं. त्यांनी डबा बंद केला. “म्हणजे सेन्सर चांगला होता?”

“दोन्ही चांगले होते, सर.”

जुना सेन्सर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आता लॉगमध्ये सेल्फ मारताना शंभर टक्के दिसलं तर मी नवा मागवत नाही. आधी खाली वाकून बघते, पाय कुणाचा आहे.