खिळ्यावरचं टोकन

माझे बाबा कुरखेड्याकडच्या खेड्यातून चंद्रपूरला आले ते कोळशाच्या भूमिगत खाणीत मजुरी करायला. आम्हा तिघा भावंडांच्या शाळेसाठी ते पाळीवर पाळी करत. उजाडायच्या आत निघत, परतत तेव्हा दिवे लागलेले असत. एका खोलीत आम्ही पाच जण, पण त्यांचा चेहरा उजेडात पाहायचा तर सुट्टीच्या दिवसाची वाट पाहावी लागे. त्या कष्टावर मी बी.एस्सी. झाले. घराण्यातली पहिली. हे मी आजही ताठ मानेने सांगते.

दोन हजार सालानंतर बाबा निवृत्त झाले. साखर आणि बीपी तोवर अंगात मुरलेली होती. सकाळी दोन गोळ्या, संध्याकाळी दोन. मग हाडं दुखायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि हसले, "चंद्रपूरच्या माणसाला ऊन कमी पडलं?"

"साहेब, ऊन वर होतं, मी खाली होतो," बाबा म्हणाले.

ड जीवनसत्त्वाची पुडी मिळाली. आठवड्यातून एकदा, दुधात.

त्याच सुमारास मी पेपरात वाचलं, की साखरेच्या रुग्णांना हे जीवनसत्त्व हृदयासाठीही उपयोगी ठरू शकतं. त्यातलं 'ठरू शकतं' मी सोडून दिलं आणि जेवताना ऐटीत सांगितलं, "बाबा, ही पुडी हृदयाचीपण आहे बरं."

पुढे उन्हाळा आला. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं गोळ्या सोडतात, गोळ्या गरम पडतात म्हणून. बाबांनीही कोणाला न सांगता सोडल्या. पुडी मात्र नेमाने घेत. महिनाभरात नळावरून बादली आणतानाही त्यांना धाप लागू लागली. एका दुपारी ते छाती धरून ओट्यावरच बसले. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

साखर आणि बीपी दोन्ही वाढलेले पाहून डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या काऊन सोडल्या?"

"गरमी करून राह्यल्या होत्या. पुडी दुधातली, थंडी. अन् ते हृदयाची हाय ना, पोरीनं सांगतलं मले."

"कोणत्या पोरीनं?"

"हे काय, उभी हाय. बीएस्सी झाली."

तेही केवढ्या अभिमानाने! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टर मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुडी हाडांसाठी दिली. हृदयाला तिचा फायदा होतो, असं अजून ठामपणे कोणी सांगू शकत नाही. हृदय सांभाळायचं तर साखर आणि बीपीच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. पुढच्या वेळी कदाचित इथवर आणायला वेळ मिळणार नाही."

घरी आल्यावर मी बाबांना समजावू लागले. ते मान हलवत, पण ती मान मला ठाऊक होती. मग खाणीवरचं बत्तीघर आठवलं, जिथून कामगार डोक्यावरचे दिवे घेतात ते. खाली उतरताना आपलं टोकन तिथल्या फळ्यावरच्या खिळ्याला लावायचं, वर आल्यावर काढायचं. टोकन खिळ्यावर राहिलं तर माणूस खाली राहिला. हा नियम बाबांनी सगळी नोकरी पाळला होता.

मी फळीवर चार खिळे ठोकले. बाटल्यांच्या झाकणांना भोकं पाडून टोकनं केली. सकाळी चारही लावायची, गोळी घेतली की एक काढायचं. बाजूला पाचवा खिळा ठोकला, तो पुडीचा, फक्त रविवारी.

बाबा फळीकडे बघत राहिले. "बत्तीघर घरीच आणलं का वं?" म्हणाले आणि उठून पहिलं टोकन काढलं.

संध्याकाळी एखादं टोकन दिसलं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "माणूस अजून खालीच हाय का जी? वर काऊन नाई आला?"

"येऊन राह्यलो ना! पाळी तं संपू दे!"

उन्हाळे येत गेले, गोळ्या गरमच पडत राहिल्या. बाबा कुरकुरत, पण टोकन काढत. पुडीने त्यांच्या हृदयाला काही दिलं का, मला माहीत नाही. आता मी तसं कोणाला सांगतही नाही.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. हृदयासाठी त्यांना पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं नाही.