दवाखान्याच्या उंबऱ्यावर चालणारा मंत्र

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मला मध्ये थांबवू नका. कारण मी, बी.एस्सी. झालेली, घरात एक मोडला तर दुसरा असावा म्हणून दोन थर्मामीटर ठेवणारी बाई, एका मे महिन्यात आमच्या मस्तगड भागात मंत्र टाकणारी म्हणून प्रसिद्ध झाले होते. आणि गंमत म्हणजे मी कुणाला एक शब्द खोटं बोलले नव्हते. तिथंच तर सगळा घोटाळा झाला!

माझे धाकटे दीर, सुहासभाऊजी, तेव्हा औरंगाबादला इंजिनिअरिंगला होते. सुट्टीत येताना त्यांनी एक खेळ आणला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर. तलवार लागली की हुकली, ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरायचं. भाऊजी आणि गल्लीतले त्यांचे मित्र दुपारभर माडीवर. त्यांच्यातला जो वैद्य व्हायचा तो जाफराबादला मामाकडे गेला आणि तिकडंच रमला.

"वहिनी, तुम्ही या ना. वैद्याशिवाय आमचा योद्धा पहिल्याच राक्षसाला संपतो."

"मला जमेल का हो? माझ्या हातून मेला तर?"

"वहिनी, खेळ आहे हो!"

खेळ असला म्हणून काय झालं? जीव तो जीव! मी अडीच वर्षांच्या ओमला मांडीवर घेतलं आणि जंगलात राहणारी दोनशे वर्षांची वैद्यीण झाले.

भाऊजींचा नियम कडक. जखम भरायचा मंत्र त्या जंगलातल्या लोकांच्या जुन्या भाषेत म्हणायचा, तोही मोठ्यानं आणि न अडखळता. भाषा भाऊजींनीच रचलेली. अडखळलं की मंत्र वाया आणि योद्धा जमिनीवर.

झालं! मला रात्रंदिवस त्या योद्ध्याची काळजी. भाकरी थापताना, ओमला आंघोळ घालताना, तांदूळ निवडताना माझं पाठांतर सुरू. "इशूरा वेल तमोरा, निहेल निहेल झामोरा." आमच्या ह्यांनी एकदा ऐकलं आणि काही न विचारता पेपर तोंडावर धरला.

एक दिवस ओम अंगणात पडला. गुडघा खरचटला. मी धावले, गुडघा धुतला, त्यावर हात ठेवला आणि तोंडात होतं तेच बाहेर पडलं, "इशूरा वेल तमोरा..." ओमला शब्दांची मजा वाटली, रडता रडता खुदकन हसला.

भिंतीपलीकडं शेजारच्या मथुराकाकू कुरडया वाळत घालत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला.

"ओमची आई, काय म्हणून राह्यलीस गं?"

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं होतं? मी दोनशे वर्षांची आहे आणि माडीवर पोरांबरोबर राक्षस मारते, असं? सासरच्या गल्लीत?

"काही नाही काकू. मला नाही काही येत."

इथं माझं पहिलं चुकलं. विंचवाचा म्हणा, काविळीचा म्हणा, ज्याला मंत्र येतो तो येतो असं कधी कबूल करत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. कबूल केलं की मंत्राची ताकद जाते म्हणे. मी मात्र सायन्सची! माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू एका बाईला घेऊन दारात. कडेवर तान्हं, रडून रडून लालबुंद.

"अहो, मला खरंच काही येत नाही," मी म्हटलं.

काकूंनी त्या बाईकडं पाहून मान हलवली. "सांगितलं होतं ना तुला? अशीच म्हणती."

पण रडणारं लेकरू समोर असताना माझ्यानं राहवतं होय? मी ते घेतलं. मे महिन्याच्या उन्हात त्या जिवाला लोकरीचं टोपडं आणि अंगाला आवळून दुपटं! मी टोपडं काढलं, दुपटं सोडलं, पदरानं वारा घातला. लेकरू गप्प.

"फुंकर घातली बघ," काकू कुजबुजल्या.

"फुंकर नाही हो, वारा घातला!"

ती बाई नारळ पुढं करायला लागली. मी म्हटलं नको. तिनं चहाला घरी बोलावलं, तर ओम एकटा राहील म्हणून तेही नको म्हटलं.

"नारळबी न्हाई, चहाबी न्हाई," काकूंनी हातच जोडले. "बिलकुल खरा मंत्र!"

आठवडाभरात माझ्या ओट्यावर दाढदुखी आली, उचकी आली, नवरा बोलत नाही म्हणून एक नवी नवरीही आली. मी प्रत्येकीला कळवळून सांगे, मला काही येत नाही. जेवढं कळवळून सांगावं तेवढी पुढच्या दिवशी गर्दी जास्त! भाऊजी माडीवरून बघायचे आणि हसून लोळायचे.

माझंही हसू एका सकाळी थांबलं. काकूंचा नातू गोट्या तीन-चार दिवस दिसला नव्हता. त्याची आई शोभा त्याला खांद्यावर टाकून आली, मागं काकू. मी कपाळाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. तवा! पोराचे ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"शोभा, दवाखान्यात नाही नेलं?"

शोभानं सासूकडं पाहिलं.

"कशाला न्यायचा?" काकू म्हणाल्या. "तो डॉक्टर सुया टोचतो नुसत्या. तू हायस की. तुझाच भरोसा धरून बसलोत आम्ही."

माझ्या भरोशावर हे लेकरू घरात तापत पडलं होतं!

"काकू, पाया पडते तुमच्या, मला मंत्र येत नाही. तो खेळ आहे. याला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्या."

काकू खाली फरशीवर बसल्या. "तू न्हाई म्हणत राह्य. मी बसते. कधी ना कधी पाझर फुटंल तुला."

आता? नाही म्हणावं तर ह्या बसणार. समजवावं तर ह्या आणखी बसणार. गोट्या शोभाच्या खांद्यावर कण्हला आणि मी आयुष्यातली पहिली थाप मारली.

"बरं काकू. येतो मला मंत्र."

काकू ताडकन उठल्या.

"पण माझा मंत्र घरात चालत नाही. दवाखान्याच्या उंबऱ्यावरच चालतो. आणि म्हटल्यावर डॉक्टर जे देईल ते घ्यावंच लागतं, नाहीतर उलटतो."

"असं कुठं असतं गं?"

"माझं असंच आहे."

काकूंनी पदर खोचला. "असंल. पर्त्येकाचं निराळं असतं. शोभे, चल जल्दी!"

ओमला भाऊजींकडं सोपवून मी रिक्षात बसले. दवाखाना तुडुंब. गोट्याची अवस्था बघून लोकांनीच वाट दिली, शोभा त्याला घेऊन आत निघाली. मी उंबऱ्यावर उभी राहून ओठ हलवले.

"मनात नको! मोठ्यानं म्हण!" काकू म्हणाल्या.

काय करता? पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "इशूरा वेल तमोरा, निहेल निहेल झामोरा!" एकाही ठिकाणी अडखळले नाही. पायाला पट्टी बांधलेले वाटूरचे एक आजोबा बाकावर सरकत सरकत जवळ आले.

"बाई, इकडंबी जरा म्हण की."

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. डॉक्टर! ओमचे नेहमीचे डॉक्टर. ते माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्या चपलांकडं.

त्यांनी गोट्याला तपासलं, लगेच ठेवून घेतलं, सलाईन लावली. टायफॉइड असावा म्हणाले, आणि अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. संध्याकाळी गोट्यानं डोळे नीट उघडून पाणी मागितलं. शोभा रडली. काकूंनी माझ्याच पायाला हात लावला, डॉक्टरांकडं बघितलंही नाही.

मग डॉक्टरांनी मला आत बोलावलं. माझी मान खाली. काय झालं ते सगळं सांगितलं, खेळ, भाषा, फासा, राक्षस, सगळं. म्हटलं, आता झापणार.

ते शांतपणे म्हणाले, "हे बघा, मंत्र चालू ठेवा."

"अहो डॉक्टर!"

"ज्यांना खरंच ताप आहे त्यांना असंच माझ्या उंबऱ्यावर आणत चला. मला सोयीचं पडतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि दर आठवड्याला तुम्ही ज्या ठणठणीत मुलाला इथं घेऊन येता ना, त्याच्यासाठी मात्र मंत्र घरीच म्हणत जा."

मला अगदी पटलं. शिकलेल्या बाईला पटणार नाही तर कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमला शिंक आली. एकच. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून शांतपणे पूर्ण मंत्र म्हटला.

आणि मग रिक्षा बोलावली.