पेडलवर ठेवायला एक पाय

बायको गेल्यावर सहाव्या महिन्यात अमेरिकेतल्या टोलेडोच्या ड्वेन शिमान्स्कीने एका शेतकऱ्याच्या कोठारातून एकोणीसशे अडुसष्टची पाँटियाक गाडी विकत आणली, तेव्हा गल्लीने त्याला वेड्यात काढलं. तळाच्या पत्र्याची चाळण झालेली, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. पण एकट्या माणसाला काहीतरी मोडकं लागतंच. धडधाकट वस्तूपाशी बसून त्याने करायचं काय?

दोन हिवाळे तो गॅरेजमध्ये खपला. इंजिन उतरवलं, नवा पत्रा जोडला, कुणाची मदत मागितली नाही. अडलं ते ब्रेकपाशी. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची, तर एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन स्क्रू सैल करायचा. चाळीस वर्षं आत बायको, लोइस, बसायची, मांडीवर शब्दकोडं घेऊन. तो खालून "दाब" म्हणायचा, "सोड" म्हणायचा. तिने आधीच पाय उचलला की सगळं पहिल्यापासून, आणि मग दोघांची जुंपायची. आता त्याला त्या भांडणाचीसुद्धा आठवण यायची.

तीन आठवडे गाडी ठोकळ्यांवर तशीच राहिली. शेवटी त्याने मुलीला, रोंडाला, फोन लावला. ती कोलंबसला, अडीच तासांवर. वर्षभरात फिरकली नव्हती.

"ब्रेकपाशी अडलोय गं. दुसरं माणूस लागतं."

"शेजारचा ग्लेन आहे की."

"त्याचा गुडघा धरलाय."

ग्लेनचा गुडघा ठणठणीत होता.

"नुसता पाय ठेवायचा. तासाभराचं काम. मग पेरोगी खाऊ."

"एवढंच ना, डॅड? बघते मी काहीतरी."

त्या 'बघते'वर त्याने गॅरेज झाडलं, गाडीच्या सीटवर धुतलेला टॉवेल अंथरला आणि दोघांपुरत्या पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या त्या उकडलेल्या पोलिश करंज्या, आणून ठेवल्या.

शनिवारी पार्सल आलं. आत एक हातपंप आणि चिठ्ठी: 'याने एकट्यालाही हवा काढता येते. आता कुणावाचून अडायला नको.'

पोरीने मन लावून शोधलं होतं, तिला नावं ठेवायला जागा नव्हती. पंपही चांगला निघाला. चारही चाकं तासाभरात उरकली, पेडल घट्ट झालं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "जमलं का रे?"

"झकास. कुणाची गरजच पडली नाही."

"बघ! मला ठाऊकच होतं."

ती इतकी खूश झाली, की खरं काय हवं होतं ते त्याला सांगवेना.