आप्पांच्या नावाचं मराठी बिल

आमचे वडील, आप्पा, वारल्यावर वर्षाच्या आतच त्यांच्या नावानं एक बिल आलं, आणि ते मराठीत होतं.

यातलं जास्त नवल कशाचं, हे बेळगावबाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही. माणूस गेल्यावर बिलं येतच राहतात. लाईटचं येतं, पाण्याचं येतं, घरपट्टीचं तर नातवंडांपर्यंत येतं. पण ती येतात कन्नडात, नाहीतर इंग्रजीत. मराठीतून एखादा कागद मिळावा म्हणून आमच्या गल्लीनं किती अर्ज केले असतील, त्याला गणती नाही (अर्जही कन्नडातच करावे लागले, ते सोडा). आणि इथं आईच्या मोबाईलवर लख्ख देवनागरीत ‘प्रिय मूल्यवान ग्राहक’ आणि पुढं आप्पांचं नाव, आजोबांच्या नावासकट! मला भरूनच आलं. खाली गोल शिक्का, शिक्क्यावर तिरकी सही.

आता शिक्क्याचं सांगायला हवं. मी सकाळी भरणाऱ्या एका कॉलेजच्या ऑफिसात बिलं तपासतो. सगळी नोकरी त्यातच चालली आहे. साध्या खडूच्या खोक्याचं बिल असू दे, शिक्का नसला तर मी ते परत धाडतो. दुकानदार मला बघून रस्ता बदलतात. एवढंच नाही, आमच्या वडगावच्या विणकर गल्लीत ‘मोबाईलवरची फसवणूक आणि आपण’ या विषयावर मी भाषणसुद्धा ठोकलं होतं. वर नारळ मिळाला होता. तेव्हा हे बिल चुकीच्या हातात पडलं, असं कुणी म्हणू नये.

बिलात लिहिलं होतं, ‘आपल्या मोबाईलमधील फोटो व आवाज साठवण सेवेची वर्गणी मरण पावली आहे. आज सायंकाळपूर्वी नूतनीकरण न केल्यास सर्व फोटो व आवाज कायमचे पुसले जातील. तक्रारीसाठी खालील नंबर.’ वर्गणी मरण कशी पावेल, हा प्रश्न मला पडला. पण एवढ्या वर्षांनी मराठी आलंय, तर त्याच्या चुका काढत बसू नये, असं मीच मला समजावलं. शिवाय माझी नजर ‘आवाज’ या शब्दावर अडकली होती.

कारण आईच्या मोबाईलमध्ये आप्पांचा आवाज होता.

आमचं घर पुढं आणि मागाची खोली मागं. चार यंत्रमाग सुरू झाले की शेजारी बसून कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. त्यामुळं आप्पा मागाजवळ उभे राहून स्वयंपाकघरातल्या आईला व्हॉईस मेसेज पाठवायचे! मोबाईलमधलं तेवढं एकच बटण त्यांना यायचं. ‘चहा पाठीव गं.’ ‘आमटीत मीठ लई झालंय.’ ‘लाईटवाला आलता काय?’ पाठीमागं खडखड, खडखड, आणि त्यावर चढवलेला आप्पांचा आवाज. ते गेल्यावर त्यांचा मोबाईलही बंद पडला, आणि आईनं रोजचा नेम धरला. चारला मोबाईल कानाशी धरायची, ‘चहा पाठीव गं’ ऐकायची, आणि मगच गॅसवर आधण ठेवायची. तो आवाज गेला असता तर आईचं काय झालं असतं, हा विचारही मला करवेना.

त्यात आप्पांचा स्वभाव! सुताच्या व्यापाऱ्याचं बिल आलं की दिवस मावळायच्या आत चुकतं करायचे. त्यांच्या नावावर वर्गणी थकलेली आणि तोंडावर आलेलं वर्षश्राद्ध! मी आईला म्हटलं, “तू काय काळजी करू नको. माझं रोजचं कामच आहे ते.”

आई म्हणाली, “शोभा येऊ दे की शाळेतनं. तिला दाखव एकदा.”

शोभा म्हणजे माझी बायको, शाळेत शिकवते. मी म्हटलं, “बिलं ती तपासते की मी?”

आणि मोबाईल घेऊन मी मागाच्या खोलीत गेलो, कारण घरात बोलण्याइतकी रेंज येत नाही. पलीकडचा माणूस लई अदबीचा. “नमस्कार सर, मराठी बोलू का?” म्हणाला. मी म्हटलं, बोला, बोला, मन भरून बोला! त्यानं आधी किरकोळ रक्कम भरायला लावली. भरली. मग म्हणाला, पैसे आमच्याकडं पोचले नाहीत, मी सांगतो ते ॲप घ्या, आम्ही इथूनच दुरुस्त करून देतो. तेही घेतलं. पण पुढचं त्या खडखडाटात धड ऐकू येईना.

आता आमचे माग चालवतात परशाअण्णा. आप्पांचे जुने जोडीदार, वयानं मोठे. मी ओरडलो, “अण्णा, जरा माग बंद करा की!”

“साडीचा पदर आलाय रं सुरेश! आत्ता कसं थांबवू?”

“आप्पांचा आवाज जातोय!”

परशाअण्णांना काय कळलं देव जाणे. पण आप्पांचं नाव ऐकल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. चारी माग थांबवले, दारात जाऊन शेजारच्या मागवाल्याला हात केला. त्यानं पुढच्याला केला. बघता बघता सगळी गल्ली गप्प झाली.

आणि इथंच घोटाळा झाला. आमच्या गल्लीत भर दुपारी सगळे माग एकदम थांबतात ते एकाच कारणानं. कुणीतरी गेलं, तरच!

माणसं टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आली. “कोण गेलं?” “आप्पाच्या घरातलं म्हणं कोण तरी.” “अगंबाई, म्हातारी काय?” दोघीचौघी बायका पदर डोळ्याला लावूनच आत आल्या. समोर आई मिरच्यांची देठं खुडत बसलेली. त्या तिच्याकडं बघतात, ती त्यांच्याकडं बघते. आलोच आहोत तर बसू या, म्हणून त्या तशाच बसल्या. अंगणात पुरुषमंडळी खाली मान घालून उभी. आणि त्या पवित्र शांततेत मी मोबाईलवर मोठ्यानं आकडे सांगत होतो, “सात... सात म्हटलं सात... दोन... शून्य...”

(मोबाईलवर आलेला असला ओटीपी नंबर कुणालाही सांगू नका, असं मी याच मंडळींना भाषणात सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं, कारण मागच्या लोकांना ऐकू आलं नव्हतं.)

शोभा त्याच वेळी शाळेतून येत होती. गल्लीच्या तोंडाशी आली, माग बंद! पर्स सांभाळत, चप्पल हातात घेऊन ती पळत सुटली. दारात गर्दी बघितल्यावर तिला रडूच फुटलं. “आईऽऽ!” करत आत शिरली, तर आई म्हणाली, “काय गं, शाळेत काय झालं काय?”

“तुम्ही... तुम्ही बऱ्या आहात?”

“मला काय धाड भरलीया! सुऱ्या तिकडं वर्गणी भरतोय बघ.”

शोभा मागाच्या खोलीत आली. डोळे पुसले, अर्धा मिनिट ऐकलं आणि पांढरीफटक पडली. “अहो! कुणाला सांगताय नंबर?”

मी तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलं. (सोळा वर्षांच्या संसारातलं हे माझं सर्वांत मोठं धाडस.) “बिल आहे. शिक्का आहे त्याच्यावर.”

“कशाचं बिल? आपण कधी घेतली होती ही सेवा?”

हा प्रश्न मी ऑफिसात दिवसाला चाळीस वेळा विचारतो. माल कधी घेतला, कुणी मागवला, पोच कुठं आहे? आणि आत्ता तो मी मलाच विचारला. आप्पांनी? आप्पांना एकच बटण यायचं. आईनं? आईला आलेला मेसेज ऐकण्यापलीकडं काही यायचं नाही.

“आजच्या आज भरा म्हणाला ना? भीती घातली ना? आणि नंबर बिलावरचाच लावलात ना?” शोभा एकेक विचारत होती आणि मी प्रत्येकाला मान हलवत होतो. इतक्यात माझ्या हातातला मोबाईल आपोआप चालायला लागला! मी बोट लावलेलं नाही, आणि आईच्या बँकेचं खातं उघडतंय, आकडे उमटतायत!

“बंद करा! बंद करा आधी!” शोभा ओरडली.

मी दिसेल ते दाबलं. बंद होईना. बाजूला सुताला लावायच्या खळीची बादली भरलेली होती. आणि मी, बिलं तपासणारा, भाषण देणारा, नारळ मिळवलेला मी, आईचा मोबाईल त्या बादलीत कोपरापर्यंत बुडवून धरला.

दोन बुडबुडे आले. सगळे माना वाकवून बघत होते.

शोभानं स्वतःच्या फोनवरून बँकेत कळवलं, खातं गोठवून घेतलं, सायबर पोलिसांच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. सगळं मिळून तिला दहा मिनिटं लागली. आईचं खातं वाचलं. ती पहिली किरकोळ रक्कम तेवढी गेली. अंगणातल्या मंडळींनी निःश्वास सोडला. एकजण मला म्हणाला, “भाषणात सांगितलासा, अगदी तस्संच झालं बघा!” त्याचा हेतू चांगला होता, असं मी अजून धरून चालतो.

सगळे पांगायला लागले तेव्हा आई मागाच्या खोलीच्या दारात आली. बादलीकडं बघितलं, माझ्या चिकट हाताकडं बघितलं.

“सुऱ्या,” ती म्हणाली, “त्यांचा आवाज कुठं हाय रं?”

चोरांनी नुसती धमकी दिली होती. आवाज पुसला तो मी.

संध्याकाळी शहापुरात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. पोरगेल्या दुकानदारानं झाकण उघडलं आणि विचारलं, “ह्यात पिठलं कुणी ओतलंय?”

“खळ आहे. सुताला लावायची.”

“मग इस्त्री करून घाला आता,” म्हणाला. पण माझं तोंड बघून त्याचंही हसू गेलं. रात्रभर खटपट करतो म्हणाला. केलीही त्यानं. सकाळी हात जोडून मोबाईल परत दिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले. आई ओट्याशी उभी होती, हात रिकामे. गॅस पेटला नाही. शोभा म्हणाली, “मी ठेवू का आधण?” आई म्हणाली, “कुणी मागितलाय?” मी खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसलो. लहानपणी मार खाल्ल्यावरसुद्धा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

परशाअण्णांना तो चारचा चहा आमच्याकडूनच जायचा. साडेचारला ते स्वतः आत आले. “वयनी, आज चहा न्हाय व्हय?”

शोभानं त्यांना सगळं सांगितलं. परशाअण्णांनी खिशातला फोन काढला. मग म्हणाले, “आप्पांचा आवाज न्हवं? माझ्याकडं हाय की!”

झालं होतं असं. आप्पांना बटण एकच यायचं, पण ते कुणाच्या नावापुढचं दाबायचं हे कधी नीट कळलंच नाही. वरती जे दिसेल ते दाबायचे. आणि वरती बहुतेक वेळा असायचा गल्लीतल्या विणकरांचा ग्रुप! आईसाठी सांगितलेलं निम्म्याहून अधिक सगळ्या गल्लीला जायचं. आमच्या आमटीतलं मीठ वर्षानुवर्षं घरोघर माहीत होतं. मलाच पत्ता नव्हता, कारण मी माग सोडून खुर्चीवर बसलेला, मला त्या ग्रुपात कोण घेतंय!

अर्ध्या तासात अंगण पुन्हा भरलं. पण आज माणसं फोन घेऊन आली होती. एकेकजण आईपुढं बसून आप्पा लावत होता. खडखड, खडखड, “अगं, लाईटवाला आलता काय?” खडखड, “गूळ संपलाय म्हणं.” आई डोळे मिटून ऐकत होती, गालावरून पाणी येत होतं, आणि मध्येच हसतही होती. हसण्याचं कारण असं की, मीठ, गूळ आणि लाईटवाला सोडला तर बाकीच्या सगळ्या मेसेजमध्ये मी होतो! “सुऱ्याला सांगू नको, लगेच शिकवाय बसतोय त्यो.” “सुऱ्यानं दूधवाल्याला दोनदा पैसं दिलं बघ, आणि म्हणं हापिसात बिलं तपासतोय!” गल्लीनं हे सगळं माझ्या भाषणाच्याही आधी ऐकलेलं होतं. तरी त्यांनी मला नारळ दिला. भली माणसं!

शोभानं नवा मोबाईल आणला, ते सगळे मेसेज त्यात घेतले आणि आणखी दोन ठिकाणी ठेवले. आईला म्हणाली, “रोजच्याला कुठला लावायचा?” आईनं सगळे पुन्हा ऐकले आणि एक निवडला.

आता रोज चारला आमच्या स्वयंपाकघरात आप्पा खडखडाटातून ओरडतात, “चहा पाठीव गं! आणि सुऱ्याच्या हातात देऊ नको, सांडतोय त्यो!”

आई गॅस पेटवते. चहा झाला की परशाअण्णांचा कप भरते. मी दारात हात पुढं करून उभा असतो. ती कप घेऊन माझ्या बाजूनं सरळ मागाच्या खोलीत जाते.