दिंद्रुडमधला पेन्झा प्रांत

प्रा. मारोतराव डोईफोडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी माजलगावच्या कॉलेजात नुकताच दाखल झालो होतो. इतिहासाच्या पहिल्या तासाला सरांनी हजेरी घेतली ती नावाने नव्हे, गावाने. प्रत्येकाला दोन प्रश्न. तुझं गाव कोणत्या तालुक्यात? आणि तुझे आजोबा तरुण होते तेव्हा ते कोणत्या तालुक्यात होतं? पहिल्याचं उत्तर सगळ्यांनी दिलं, दुसऱ्याचं एकालाही आलं नाही. मी मनात म्हटलं, हा कसला इतिहास! ना लढाई, ना राजा. सर म्हणाले, "घरी इचारून या. मग शिकवतो."

आमचं गाव गोदाकाठी. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "तवा आमी कचेरीला गंगा उतरून पाथरीला जायचो. गाव हितंच हुतं बग, कचेरी हलली." दुसऱ्या दिवशी हे मी वर्गात सांगितलं. सर खुर्चीतून उठले, त्यांनी ते वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं आणि त्याखाली एक शब्द लिहिला : पेन्झा. आम्हाला ते एखाद्या आजाराचं नाव वाटलं.

पेन्झा हा झारच्या काळातला रशियाचा एक प्रांत. मॉस्कोच्या आग्नेयेला, काळ्या मातीचा, शेतीभातीचा. एका झारने तो मोडला आणि त्याचे तालुके शेजारच्या प्रांतांत वाटून टाकले. पुढच्या झारने तो पुन्हा उभा केला, पण काही गावांचा तालुक्याचा मान गेला तो गेलाच. वेर्ख्नी लोमोव हे त्यातलं एक. क्रांतीनंतर काही वर्षांनी हा प्रांतच कायमचा नकाशावरून पुसला गेला. आमच्या सरांनी आपलं उभं आयुष्य या एका मोडलेल्या प्रांताच्या कारभाराचा इतिहास मराठीत लिहिण्यात घातलं. बीड जिल्ह्यातल्या माणसाने हे का म्हणून करावं, असा प्रश्न पडलेले पुष्कळ लोक सरांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांत असतील. मलाही तो पडला होता.

सरांचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. उन्हाळ्यात कळप घेऊन आपल्या दिंद्रुड गावाहून निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. "आमच्या दादांना एकाच रानात दोन साहेब हटकायचे," सर सांगत. "एक म्हणायचा ह्यो माझा तालुका, दुसरा म्हणायचा माझा. मेंढरं मातर तेच गवत खायची." पुढे शिष्यवृत्तीवर ते हैदराबादला शिकायला गेले, तिथे रशियन भाषा शिकले, आणि तिथल्या ग्रंथालयात त्यांच्या हाती पेन्झा प्रांतातल्या गावांची एक जुनी यादी पडली. तिच्यात एकच गाव दोन तालुक्यांखाली छापलेलं होतं. सरांना दादांचे दोन साहेब आठवले. तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

कॉलेजात त्यांना 'रशियाचे तहसीलदार' म्हणत. स्टाफरूममध्ये कोणी तरी हमखास विचारायचं, "काय सर, आज कोणता तालुका?" सर खरंच सांगायचे. तालुका सांगायचे, त्यातला ओढा सांगायचे, तिथल्या कारकुनाने गव्हर्नरला काय खोटं कळवलं होतं तेही सांगायचे. चिडवणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

पण ही विद्या कामाची नव्हती असं म्हणणाऱ्यांनी हिराबाईंना विचारावं. आपल्याकडे नवे तालुके झाले तेव्हा हिराबाईंचं गाव एका तालुक्यातून दुसऱ्यात गेलं. नवरा वारलेला, वारसाची नोंद करायची होती. जुनी कचेरी म्हणे नव्या कचेरीत जा, नवी म्हणे कागद जुन्यात आहेत. मेंढरं शेजारणीच्या हवाली करून ती बाई दोन वर्षं चकरा मारत होती. सरांच्या कानावर हे गेलं. गावं कोणत्या दिवशी वर्ग झाली, तो कागद त्यांनी शोधून काढला आणि हिराबाईंना घेऊन ते स्वतः कचेरीत गेले. मी सोबत होतो.

सर कारकुनाला म्हणाले, "साहेब, गाव हललं न्हाई. तुमची पाटी हलली. त्याची शिक्षा बाईला कशाला?"

कारकून वैतागला. "सर, ह्यो रशिया न्हाई."

"म्हणूनच आलोय. तिथं असल्या कामात माणसं म्हातारी झाली. तुमी दुपारपर्यंत करा."

दुपारी नव्हे, पण संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत नोंद झाली. हिराबाई सरांच्या पाया पडायला वाकल्या तर सरच मागे सरकले आणि म्हणाले, "आधी कागद नीट घडी घालून ठेवा."

आता मी त्या गोष्टीकडे येतो जी टाळून हा लेख लिहिता आला असता. मी तसे दोन खर्डे केलेही होते. दोन्ही फाडले. माझा स्वभाव मुळात उतावळा, एका जागी बूड टेकत नाही, आणि ही गोष्ट मनात घेऊन तर मला धड जेवताही येत नाही.

सरांच्या गौरव समितीच्या प्रत्येक बैठकीत एक वाक्य ऐकू येतं : "सरांचं पुस्तक त्यांच्या चेंगटपणामुळं रखडलं. दुसरा असता तर तीन खंड काढले असते." मंडळी हे प्रेमाने म्हणतात. ते खरं नाही. ते पुस्तक माझ्यामुळे रखडलं.

सरांच्या कामाचा कणा म्हणजे त्यांची कार्डं. पेन्झा प्रांतातल्या प्रत्येक गावाचं एक कार्ड. गाव एका तालुक्यातून दुसऱ्यात गेलं की जुनी नोंद खोडायची नाही, तिच्या खाली नवी लिहायची, साल घालून. हा सरांचा नियम. एकेका कार्डावर चार-चार, पाच-पाच नोंदी, निळ्या, काळ्या, हिरव्या शाईत, कोपरे मळलेले. दिसायला गचाळ, पण प्रांताचा सगळा इतिहास त्या एकाखाली एक ओळींत होता.

मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो त्या सुमारास सरांना चार महिन्यांसाठी खुद्द पेन्झ्याला जाऊन तिथलं दप्तर पाहायची संधी मिळाली. दिंद्रुडचा माणूस पहिल्यांदाच आपला प्रांत पाहायला निघाला होता. जाताना त्यांनी कार्डांच्या पेट्या माझ्या हवाली केल्या. "तालुकावार लावून ठेव ज्ञानोबा. बाकी काही करू नको."

बाकी काही करू नको, हेच मला जमत नाही. मला वाटलं, सर परत येतील तेव्हा त्यांना चकित करू. रिकाम्या तासांना बसून मी सगळी कार्डं नवी लिहून काढली. कोऱ्या पुठ्ठ्यावर, एका शाईत, सुंदर अक्षरात. प्रत्येक गावाखाली एकच तालुका, सगळ्यात शेवटचा. आपला तलाठी फाटका उतारा नवा करून देतो तसं. मला वाटलं, शेवटी जे ठरलं तेच खरं, मधली ये-जा कशाला हवी? काम संपलं तेव्हा हुरड्याचे दिवस होते. मी मित्रांना शेतावर बोलावलं. हुरडा भाजायची आगटी पेटत नव्हती, शेणकुटं ओली होती. टाकून द्यायला म्हणून घरून आणलेली जुन्या कार्डांची दोन पोती तिथंच होती.

पुठ्ठा छान जळतो. एवढंच सांगतो.

सर परत आले. नवी कार्डं पाहिली, उलटी करून पाहिली. मग विचारलं, "जुनी?"

मी सांगितलं. सरांच्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. सरांच्या पत्नी सुमनकाकूंनी चहा आणून ठेवला. मग सर म्हणाले, "हुरडा चांगला झालता का?"

ते चिडून म्हणाले असते तर मी रडून मोकळा झालो असतो. पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग एक तरी काम झालं." आणि उठून टेबलापाशी गेले. माझ्या सुंदर अक्षरातलं एक कार्ड घेतलं, आपली जुनी टिपणवही उघडली, आणि माझ्या नोंदीच्या वर रिकामी जागा नव्हती म्हणून ते कार्ड बाजूला ठेवून नव्या पुठ्ठ्यावर पहिली नोंद लिहायला घेतली.

त्या जळालेल्या कार्डांच्या आधाराने पुस्तक दोनेक वर्षांत व्हायचं होतं. त्यानंतर किती वर्षं गेली ते मोजायचं धैर्य मला नाही. सरांनी कार्डं जळाल्याचं कोणालाही सांगितलं नाही. सुमनकाकू सोडल्या तर कोणालाच माहीत नव्हतं; हुरड्याला आलेल्या मित्रांना ती रद्दीच वाटली होती. स्टाफरूममध्ये लोक त्यांना चेंगट म्हणत, तेव्हा मी तिथेच बसलेला असे आणि इतरांबरोबर हसतही असे. हेही इथे लिहितो. मदतीला जायला हवं होतं, पण त्या टेबलापाशी जायची मला लाज वाटे, आणि लाजेवर मी शंभर कामांचं पांघरूण घालत राहिलो. परीक्षा, शिबिरं, पुढे प्रभारी प्राचार्यपण. मी गेवराईला घर बांधलं, तोवर सर दिंद्रुडला बसून एकेक तालुका पुन्हा उभा करत होते.

काही वर्षांपूर्वी सरांचा फोन आला. काचबिंदूने नजर अधू झाली होती. "ज्ञानोबा, बारीक अक्षर दिसंना गड्या. तुला रशियन अक्षरं शिकवलती, इसरला का?" मी म्हटलं, नाही विसरलो. खोटं बोललो. त्या आठवड्यात रात्रंदिवस अक्षरं घोटली आणि रविवारी दिंद्रुड गाठलं. तेव्हापासून रविवार चुकवलेला नाही. मी वाचतो, सर सांगतात, मी लिहितो. माझी घाई अजून जात नाही. मी साल न घालता पुढे गेलो की सर डोळे मिटलेले असतानाही म्हणतात, "थांब. कवा?"

नऊ तालुके झाले आहेत. दहावा आणि शेवटचा, क्रास्नोस्लोबोद्स्क, चालू आहे. समितीची इच्छा होती की पुस्तक या समारंभातच प्रकाशित व्हावं. मी तर सरांना विनवलंही, की राहिलेल्या गावांना शेवटचा तालुका लावून टाकू, कोण बघतंय? सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना माझा चेहरा नीट दिसला नसेल, हे बरंच झालं. ते फक्त म्हणाले, "आगटी पेटवायची का पुना?"

हा लेख मी मागच्या रविवारी त्यांना वाचून दाखवला. हुरड्यापाशी आलो तेव्हा ते पान भरभर वाचून टाकलं. कसाबसा शेवटापर्यंत गेलो. सुमनकाकू दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "काढून टाका हो ते. चांगल्या दिवशी कशाला?" खरं सांगतो, मला त्या क्षणी तेच हवं होतं. सरांनी हो म्हणावं आणि मी लेखाची ती पानं खिशात घालावीत.

सर म्हणाले, "खोडायचं न्हाई."

मी मान खाली घातली.

"खाली लिही."

"काय लिहू, सर?"

"कार्डं पुना कोणी लिवली ते लिही. मी न्हाई एकट्यानं. दोघांची नावं घाल. आन् साल घाल, इसरशील."

ते म्हणाले आणि चहाचा कप चाचपू लागले. मी तो त्यांच्या हातात दिला. मग आम्ही क्रास्नोस्लोबोद्स्कच्या पुढच्या गावाला लागलो.

सर, आज तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आयुष्यात प्रथमच मला कसली घाई नाही. दहावा तालुका संपेपर्यंत, मग छपाईची मुद्रितं तपासून होईपर्यंत, मग पुस्तक तुमच्या मांडीवर ठेवून मी पहिल्या पानापासून वाचून दाखवेपर्यंत तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. त्यात चुका निघतीलच, मी आहे ना. त्या खोडू नका. खाली लिहायला सांगा, मी पेन घेऊन शेजारी बसलेला असेन. आणि तुमच्या आज्ञेप्रमाणे ही नोंद, या वर्षाच्या सालासह, माझ्या कबुलीच्या खाली :

पेन्झा प्रांताची कार्डं पुन्हा लिहिली. मारोतराव डोईफोडे, दिंद्रुड. सोबत ज्ञानोबा, ज्याने ती जाळली होती. साल २०२४. काम चालू.